बाखचे संगीत आणि चर्चमधले लाकूड

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या संगीताविषयी लिहिताना त्याची प्रतिभा, त्याची श्रद्धा आणि त्याचे रचनाकौशल्य यांची चर्चा पुष्कळ होते. तो ज्या चर्चमध्ये काम करीत होता तेथे लाकूड किती होते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. बरोक संगीताचा, म्हणजे ढोबळमानाने 1600 ते 1750 या काळातील युरोपीय संगीताचा, आस्वाद घेताना हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्या काळचा संगीतकार बहुधा येत्या रविवारसाठी, ठरलेल्या इमारतीसाठी आणि हाताशी असलेल्या गायक-वादकांसाठी लिहीत असे, आणि त्या इमारतीत आवाज कसा वागतो हे त्याच्या कानांत मुरलेले असे.

बंद जागेत निर्माण झालेला ध्वनी भिंती, छत आणि जमीन यांवर पुनःपुन्हा आदळून हळूहळू विरतो, त्याला निनाद म्हणतात. त्याचे गणित प्रथम मांडले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सेबिन यांनी. 1895 मध्ये त्यांच्याकडे एक नवे व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले, कारण तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि पुढच्या शब्दांत मिसळून जाई. सेबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या करून व्याख्यानगृहात मांडल्या, निनाद किती घटतो ते मोजले आणि पहाटेपर्यंत गाद्या परत नेऊन ठेवल्या. या खटाटोपातून निघालेला नियम साधा आहे: निनादाचा काळ जागेच्या घनफळाच्या समप्रमाणात आणि ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

हा नियम हाती धरून लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चकडे पाहावे. बाख 1723 मध्ये तेथे कँटर, म्हणजे संगीतप्रमुख, झाला आणि 1750 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. चर्चचे मुख्य दालन सुमारे 50 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 18 मीटर उंच आहे. मध्ययुगात हे दगडी दालन बरेच मोकळे होते आणि त्यातला दीर्घ निनाद संथ लॅटिन स्तोत्रगायनाला मानवतही होता. 1539 मध्ये लाइपझिगने धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारल्यावर उपासनेत जर्मन भाषेतील प्रवचनाला मध्यवर्ती स्थान मिळाले, आणि प्रवचन ऐकायला येणाऱ्यांसाठी कालांतराने बाके आणि सज्जे वाढत गेले. लाकडाच्या पातळ फळ्या स्वतः कंप पावून खर्जाकडचे ध्वनी शोषतात, तर दाटीने बसलेल्या माणसांचे कपडे वरच्या पट्टीतले ध्वनी शोषतात, त्यामुळे भरलेल्या चर्चमध्ये निनाद चांगलाच आखूड झाला असणार.

बाखच्या जलद रचनांत सेकंदाला पाच-सहा स्वर सहज येतात. निनाद सहा सेकंदांचा असेल, तर आधीचे तीसेक स्वर पुरते विरण्यापूर्वीच नवा स्वर त्यांच्यावर येऊन पडतो, आणि एकाच वेळी चालणाऱ्या चार-पाच स्वतंत्र स्वरावलींचा नुसता गलका होतो. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ होप बॅजेनल यांनी तर असे मांडले की, ल्यूथरपंथीय चर्चमधील सज्ज्यांमुळे निनाद घटणे ही संगीताच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना होय, कारण त्यातूनच सेंट मॅथ्यू पॅशनसारख्या (येशूच्या अखेरच्या यातनांची कथा गाऊन सांगणाऱ्या) कृती शक्य झाल्या. हे विधान जरा ताणलेले आहे, कारण बाख लाइपझिगला येण्यापूर्वीही गुंतागुंतीचे संगीत लिहीत होताच, तरीही त्यातला भौतिकशास्त्राचा भाग पक्का आहे. उलट उदाहरण व्हेनिसचे. तेथील सेंट मार्क बॅसिलिकेत निनाद फार लांबतो, आणि तेथे काम करणारा जोव्हान्नी गाब्रिएली निरनिराळ्या ठिकाणी उभ्या केलेल्या वृंदांसाठी मोठमोठ्या, सावकाश बदलणाऱ्या स्वरसमूहांचे संगीत लिहीत असे.

सेंट मॅथ्यू पॅशन प्रथम 1727 च्या गुड फ्रायडेला सादर झाली असे मानले जाते. तिच्यात दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद आहेत. सुरुवातीलाच पहिला वृंद ‘पाहा!’ म्हणतो, दुसरा ‘कोणाला?’ असे विचारतो, आणि या गजबजाटावर मुलांच्या आवाजातील एक जुने स्तोत्र तरंगत येते. 1736 च्या सादरीकरणात चर्चचे दोन्ही ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजणारी मोठी वाद्ये, वापरल्याची नोंद आहे. धाकटा ऑर्गन पूर्वेकडच्या भिंतीवर, मुख्य सज्ज्यापासून बराच दूर होता, आणि स्तोत्र तेथूनच गायले गेले असावे. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 40 मीटर अंतर कापायला त्याला साधारण 0.12 सेकंद लागतात. जलद स्वरावलींत एवढा विलंब ताल बिघडवतो, पण स्तोत्राचे लांबवलेले स्वर तो सहज पचवतात, आणि दूरच्या सज्ज्यासाठी बाखने नेमके असेच स्वर ठेवलेले दिसतात.

पट्टीचा प्रश्नही असाच इमारतीशी जोडलेला होता. आज ‘ए’ स्वराची वारंवारता 440 हर्ट्झ मानतात. बरोक संगीत वाजवणारे आजचे वादक बहुधा 415 वापरतात, म्हणजे एक अर्धस्वर खाली. ही आजची सोय आहे, कारण त्या काळी गावोगावी पट्टी वेगळी असे. लाइपझिगमध्ये चर्चचे ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर चढे असल्याने बाख ऑर्गनवादकाचा कागद एक स्वर उतरवून लिहवून घेई. त्यातच चर्चमध्ये शेकोटी नसे. शून्य अंशाला हवेतील ध्वनीचा वेग 20 अंशांच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांनी कमी असतो, म्हणून ऑर्गनच्या नळ्या कडाक्याच्या थंडीत अर्धस्वराच्या निम्म्याहून अधिक उतरत.

स्वरजुळणीच्या बाबतीत मराठी श्रोत्याचा कान आधीच तयार असतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जाशी 5:4 या प्रमाणात असतो. पण असे तीन शुद्ध गंधार एकावर एक रचले तर 125/64 हे गुणोत्तर मिळते, आणि तार षड्जासाठी लागते 128/64. ही तूट कोठेतरी भरून काढावीच लागते. आजचा पियानो ती सर्वत्र सारखी वाटतो, त्यामुळे त्याचा गंधार अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा लागतो. आकाशवाणीने 1940 पासून तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागील एक आक्षेप याच जुळणीवर होता. बरोक काळातील जुळणीकार ती तूट असमान वाटत. त्यामुळे नेहमीच्या पट्ट्यांतील गंधार शुद्धाच्या जवळ येत, क्वचित वापरल्या जाणाऱ्या दूरच्या पट्ट्या खरखरीत होत, आणि रचना पट्टी बदले तेव्हा तिचा रंगही बदले.

सेंट थॉमस चर्च आजही उभे आहे, परंतु 1884 ते 1889 च्या नूतनीकरणात तेथील बरोक काळची बरीचशी अंतर्गत सजावट काढून टाकली गेली. म्हणून त्या काळचा नाद शोधण्यासाठी संशोधक संगणकावर जुने चर्च रचून त्यातील निनाद मोजतात. घरी ऐकणाऱ्याने निदान वृंदाचा आकार पाहून ध्वनिमुद्रण निवडावे. 1829 मध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सझोनने बर्लिनमध्ये ही पॅशन पुन्हा सादर केली तेव्हा त्याच्याकडे शंभरावर गायक होते. बाखने स्वतः लाइपझिगच्या नगरपरिषदेला दिलेल्या 1730 च्या निवेदनात एका वृंदासाठी किमान 12 आणि शक्य तर 16 गायक मागितले होते. लहान वृंदाच्या मुद्रणात पहिल्यांदा फक्त खालच्या स्वरांची चाल ऐकावी, कारण मोठ्या वृंदात सर्वांत आधी तीच बुडते.