वावडं आणि धाप: एका जुन्या औषधाच्या नव्या मंजुरीमागची गोष्ट

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने ओमालिझुमॅब या इंजेक्शनाला अन्नाच्या ॲलर्जीसाठी मंजुरी दिली. औषध नवं नव्हतं. २००३ पासून ते दम्याच्या रुग्णांना दिलं जात होतं. दम्याचं औषध शेंगदाण्याच्या वावड्यावर कसं चालतं, याचं उत्तर शोधायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. त्या वाटेवर डॉक्टरांनी पूर्ण खात्रीने दिलेले आणि नंतर गुपचूप मागे घेतलेले सल्लेही भेटतात.

सुरुवात समुद्रावर झाली. मोनॅकोचा राजपुत्र पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्री जीवांच्या विषाचा अभ्यास करत होते. घरी परतल्यावर त्यांनी कुत्र्यांना समुद्रफूल या समुद्री जीवाचं विष थोडं थोडं टोचून पाहिलं. विषाची सवय होते का, एवढंच त्यांना तपासायचं होतं. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिला डोस सहज पचवून गेला. २२ दिवसांनी त्याला पुन्हा थोडंसं विष दिलं, तर काही सेकंदांत त्याला धाप लागली आणि २५ मिनिटांत तो मेला. सवय होण्याऐवजी शरीर उलट बिथरलं होतं. १९०२ मध्ये या प्रकाराला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव मिळालं, १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल. ‘ॲलर्जी’ हा शब्द मधल्या काळातला, १९०६ सालचा. तो व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला.

१९०८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्फ्रेड स्कोफिल्ड या डॉक्टरांनी एका तेरा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. अंड्याचा अंश पोटात गेला तरी त्याचा जीव धोक्यात यायचा. डॉक्टरांनी कच्च्या अंड्याचा दहा-हजारावा भाग गोळीत घालून रोज द्यायला सुरुवात केली आणि मात्रा हळूहळू वाढवली. काही महिन्यांनी मुलगा अंडं खाऊ लागला. आज ज्याला ‘ओरल इम्युनोथेरपी’ म्हणतात, ती हीच. तरी पुढची बरीच दशकं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही, आणि भीती अनाठायी नव्हती. १९९० च्या दशकात शेंगदाण्याच्या अर्काची इंजेक्शनं देऊन पाहिली गेली. तेव्हा औषध भरण्यातल्या चुकीमुळे एका सहभागी व्यक्तीचा मृत्यू झाला आणि तो प्रयोग थांबवावा लागला. शहाणपण एकाच शब्दात उरलं: टाळा.

शरीरात नेमकं बिघडतं काय, हे कळायला आधी एक धाडसी प्रयोग व्हावा लागला. जर्मन डॉक्टर हाइन्झ क्युस्टनर यांना माशांची ॲलर्जी होती, त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांना नव्हती. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागेवर गांध उठली. हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झालं. वावड्याचं कारण रक्तातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, हे आता डोळ्यांना दिसलं होतं, पण तो पदार्थ सापडायला आणखी ४५ वर्षं गेली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निख ही जोडी १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे एकाच प्रतिपिंडापर्यंत (परक्या कणांना ओळखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनापर्यंत) पोहोचली. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं, आयजीई. हे प्रतिपिंड शरीराच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या ‘मास्ट’ पेशींवर चिकटून बसतं. ओळखीचा कण आला की पेशी फुटल्यासारख्या हिस्टामिन आणि इतर रसायनं ओततात. त्वचेवर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासनलिका आवळते. ओमालिझुमॅब या आयजीईलाच मोकळं असताना पकडतं. म्हणून ते ॲलर्जीतून येणाऱ्या दम्यातही चालतं आणि अन्नाच्या ॲलर्जीतही.

दम्याची कहाणी तोवर वेगळ्या रुळावर चालली होती. १९४० च्या दशकात दमा म्हणजे आईपासून दुरावण्याच्या भीतीने दाबलेलं रडू, असं गंभीरपणे लिहिलं जात होतं. मुलाला धाप लागते याचा दोष आईच्या माथी! १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का मिळत नाही? त्यातून १९५६ मध्ये मोजून फवारा देणारा पहिला इन्हेलर आला. आराम तत्काळ मिळायचा, आणि घोटाळा तिथेच झाला. श्वासनलिका सैल झाली तरी आतली सूज तशीच राहायची. १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याचे मृत्यू अचानक वाढले आणि बोट श्वासनलिका सैल करणाऱ्या आयसोप्रिनॅलिनच्या तीव्र मात्रेच्या फवाऱ्यांकडे गेलं. सूज कमी करणारा स्टिरॉइडचा इन्हेलर १९७२ मध्ये बाजारात आला. तरीही नुसत्या आराम देणाऱ्या फवाऱ्यावर विसंबू नका, असं ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाने स्पष्टपणे सांगायला २०१९ उजाडलं. मला यात सगळ्यात खटकतो तो हा उशीर: औषध हाताशी होतं, सवय सुटत नव्हती.

अन्नाच्या बाबतीतली चूक तर उलट दिशेची होती. १९९८ मध्ये ब्रिटनने आणि २००० मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं, घरात ॲलर्जीचा इतिहास असेल तर बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ॲलर्जी मात्र वाढतच राहिली. लंडनच्या गिडिअन लॅक यांच्या गटाने ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना २००८ मध्ये मांडली. शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमध्ये १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. इस्रायली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ चघळत होती. मग ‘लीप’ चाचणी झाली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा पूर्ण बंद, निम्म्यांना आठवड्याला किमान ६ ग्रॅम शेंगदाणा प्रोटीन. (अख्खा दाणा नव्हे, तो बाळाच्या घशात अडकतो.) मुलं पाच वर्षांची झाल्यावर टाळणाऱ्यांत ॲलर्जी १७.२ टक्के निघाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. २०१५ चा हा निकाल आल्यावर दोनच वर्षांत अमेरिकेतला सल्ला उलटा फिरला.

असं का होतं, याचं लॅक यांचं स्पष्टीकरण मला पटतं. इसबाने चिरलेल्या त्वचेतून अन्नाचा कण आत गेला तर शरीर त्याला शत्रू समजतं, तोंडावाटे गेला तर सोसायला शिकतं. खाणं पुढे ढकललं, की त्वचेची वाट आधी उघडते.

ज्यांना ॲलर्जी आधीच जडली आहे, त्यांच्यासाठी २०२० मध्ये शेंगदाण्याच्या पुडीला औषध म्हणून मान्यता मिळाली. स्कोफिल्ड यांच्या गोळीसारखीच ती थोड्या मात्रेपासून वाढवत न्यायची. ओमालिझुमॅबच्या चाचणीत औषध घेणाऱ्या ६७ टक्के जणांना ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा प्रोटीन, म्हणजे साधारण अडीच दाणे, फारसा त्रास न होता सोसले. औषध नसलेलं, फक्त तसं दिसणारं इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. म्हणजे तिघांतल्या एकाला फायदा तेवढा झाला नाही, आणि झाला त्यानेही मूठभर दाणे खायला मोकळीक नाही. चुकून ताटात आलेल्या कणापासून बचाव, एवढंच याचं काम. इंजेक्शन थांबलं तर तो बचावही टिकेल असं धरून चालता येत नाही.

ॲनाफिलॅक्सिसचा झटका आलाच तर पहिला उपाय अजून ॲड्रिनॅलिन, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वेगळं काढलेलं तेच. अन्नाची ॲलर्जी असून दमा आटोक्यात नसेल, तर झटका जीवघेणा ठरण्याचा धोका जास्त, त्यामुळे अशांनी तर ते जवळ बाळगायचंच. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत त्याच्या नाकात मारायच्या फवाऱ्यालाही मंजुरी मिळाली.