वादळ वाळू ओरबाडून नेतं तेव्हा मेटल डिटेक्टरला काय सापडतं?

2020 च्या नोव्हेंबरमध्ये निवार चक्रीवादळ येऊन गेलं आणि पाठोपाठ आंध्रात काकीनाडाजवळच्या उप्पाडा गावच्या किनाऱ्यावर माणसांची झुंबड उडाली. (उप्पाडा सिल्कच्या साड्या येतात ना, तेच हे गाव.) कुणाला तरी वाळूत सोन्याचे बारीक तुकडे सापडले, बातमी पसरली आणि बायका, पोरं, कोळीबांधव सगळे ओल्या वाळूत बसून हातानेच वाळू चाळायला लागले. समुद्रातून सोनं आलं असं लोक म्हणत होते, पण खरं तर उप्पाड्याचा किनारा कित्येक वर्षं झिजतोय, जुनी घरं, देवळं समुद्राच्या पोटात गेलीयत आणि त्या घरांतलं जे काही किडूकमिडूक होतं ते तिथेच वाळूखाली पडून असणार, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं आणि मला तेच पटतं. वादळ सोनं आणत नाही, वरचं पांघरूण काढून नेतं.

जगभरातले मेटल डिटेक्टरवाले वादळानंतर किनाऱ्यावर का धावतात ते यातच आहे, कारण हे यंत्र लोकांना वाटतं तेवढं खोल बघतच नाही. यंत्राच्या खालच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातू लागला की त्यात गोल गोल फिरणारे छोटे विद्युतप्रवाह तयार होतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षुल्लक चुंबकीय क्षेत्र परत वर येतं आणि यंत्र ते ऐकतं. आता गंमत बघा, जाताना हे क्षेत्र अंतराच्या साधारण घनाने कमी होतं आणि परत येतानाही तसंच, म्हणजे कॉइलच्या आकारापेक्षा खोल गेलात की खोली दुप्पट झाल्यावर सिग्नल निम्मा नाही, जवळपास 64 पट कमी होतो. त्यामुळे यंत्र कितीही महागडं घ्या, एकटं नाणं साधारण फूटभर खोलीपर्यंतच नीट कळतं, त्याखाली सगळा अंदाजपंचे कारभार. पण एक मोठं वादळ एका रात्रीत किनाऱ्याची मीटरभर वाळू उचलून नेऊ शकतं, आणि जे सव्वा मीटर खाली होतं ते अचानक यंत्राच्या टप्प्यात येतं.

वर लाटा निवड पण करतात. साध्या वाळूची घनता पाण्याच्या 2.65 पट, चांदीची 10.5 पट आणि सोन्याची 19.3 पट. त्यामुळे लाटा सूप पाखडल्यासारखं हलकं ते उडवून नेतात आणि जड ते खाली खाली जाऊन चिकणमातीच्या किंवा शिंपल्यांच्या टणक थरावर बसतं. वादळाने वाळू कापली की किनाऱ्यावर उभी भिंत तयार होते, जाणकार माणूस त्या भिंतीच्या पायथ्याशी टणक थर उघडा पडलाय का ते आधी बघतो, आणि किनाऱ्यावर काळ्या वाळूचे पट्टे दिसले तर थांबतो, कारण ती वाळू मॅग्नेटाइट, इल्मेनाइट अशा जड खनिजांची असते, म्हणजे जड वस्तू जिथे साठतात ती जागा हीच. अडचण एवढीच की ही खनिजं यंत्राला पण त्रास देतात, त्यासाठी ग्राउंड बॅलन्स करून घ्यावं लागतं, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल यंत्राने दुर्लक्षित करावा अशी जुळवणी.

या सगळ्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, ज्याला तिथे ट्रेझर कोस्टच म्हणतात. 24 जुलै 1715 ला स्पेनची खजिन्याची जहाजं हवानाहून निघाली आणि आठवड्याभरातच, 31 जुलैच्या पहाटे, चक्रीवादळात 11 जहाजं बुडाली, हजाराच्या वर माणसं गेली. वाचलेल्यांनी किनाऱ्यावरच छावणी टाकली आणि स्पेनने जमेल तेवढा माल काढला, बाकीचा तिथेच राहिला आणि लोक हळूहळू विसरून गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर किप वॅगनर नावाचा सेबॅस्टियन गावचा एक बांधकाम कंत्राटदार वादळानंतर किनाऱ्यावर चांदीची नाणी वेचायचा. नाणी इतरांनाही सापडत होती, पण वॅगनरच्या एक लक्षात आलं की एकाही नाण्यावर 1715 च्या पुढचं साल नाही. किनाऱ्यावर दोनशे वर्षांत लोकांनी सहज हरवलेली नाणी असती तर सालं पुढची पण आली असती ना, म्हणजे हे सगळं एकाच वेळी एकाच अपघातातून आलंय. मग त्याने लष्कराच्या जुन्या सामानातला सुरुंग शोधायचा डिटेक्टर घेतला, त्याच्या मदतीने किनाऱ्यालगतच्या उंचवट्यावर त्या वाचलेल्या लोकांची छावणी शोधून काढली, आणि तिथून समोर समुद्रात जहाजं कुठे असतील याचा माग लावला. आज त्या छावणीच्या जागी म्युझियम आहे.

याच पट्ट्यावर 2004 च्या सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने फ्रान्सिस आणि जीन ही दोन चक्रीवादळं जवळजवळ एकाच जागी धडकली. लोकांच्या घरांचं अतोनात नुकसान झालं आणि किनारा अक्षरशः कापला गेला. पण असा उघडा किनारा फार दिवस राहत नाही, वादळात ओढून नेलेली वाळू बरीचशी समोरच पाण्याखाली बांधासारखी साठते आणि शांत लाटा ती परत आणायला लागतात, शिवाय सरकार रस्ते-घरं वाचवायला ट्रकने नवी वाळू टाकतं ते वेगळंच. हातात येतात ते मोजके दिवस.

आणि सापडलेलं नाणं चकचकीत असेल असं मनात आणूच नका. सोनं तसंच राहतं, पण चांदीचं आठ रेआलचं (रेआल म्हणजे स्पेनचं जुनं चलन) नाणं, जे नवं असताना साधारण 27 ग्रॅमचं असायचं, ते तीनशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहून बाहेरून सल्फाइडचं (चांदी आणि गंधकाच्या संयुगाचं) होतं, काळंकुट्ट, वेडंवाकडं, कडा खाल्लेल्या, वर वाळूचे कण चिकटलेले. मुळात ही नाणी छिन्नीने कापून हाताने ठोकलेली, गोल नव्हतीच, त्यामुळे हातात घेतलं तरी खडीचा तुकडा वाटून फेकून द्याल. यंत्राचंही तसंच, चांदी विजेची उत्तम वाहक पण तिचं सल्फाइड नाही, म्हणून पातळ नाणं पूर्ण झिजलं की सिग्नल मरतो.

मग उप्पाड्याच्या लोकांनी डिटेक्टर आणला असता तर? मला वाटतं फारसा उपयोग झाला नसता. खारं पाणी स्वतःच विजेचं वाहक, त्यामुळे ओल्या वाळूवर साधं एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र सतत बोंबलत राहतं. त्यावर उपाय म्हणून पल्स इंडक्शन नावाचा प्रकार आहे, तो एक झटका देऊन गप्प बसतो, मिठाच्या पाण्यातले प्रवाह काही मायक्रोसेकंदात विरतात, तेवढा वेळ जाऊ देऊन मग ऐकतो. पण सोन्याच्या कणातला प्रवाहही तितक्याच झटपट विरतो, म्हणजे पाण्याचा आवाज टाळताना कण पण हुकतात. अशा बारीक सोन्याला घनतेचीच पद्धत लागते, आपल्याकडे सराफाच्या दुकानासमोरची माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी तेच तर करतात. नदीच्या पुलावरून दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी पोरं वेगळ्याच तत्त्वावर चालतात, हल्लीची रुपयाची नाणी स्टीलची म्हणून चिकटतात, पण सोनं, चांदी, तांबं चुंबकाला दाद देत नाही.

जमीन हलली की दरवेळी नाणीच वर येतात असं नाही हे मात्र मनापासून सांगायचंय. 2014 च्या मे महिन्यात बोस्नियात भयंकर पूर आले, हजारो ठिकाणी दरडी कोसळल्या आणि 1990 च्या दशकातल्या युद्धातले पेरलेले सुरुंग जागेवरून सरकले, काहींवरचे इशाऱ्याचे फलकसुद्धा वाहून गेले. तिथे मेटल डिटेक्टर घेऊन जाणं हे प्रशिक्षित पथकांचंच काम, कारण काही सुरुंगांत धातू जेमतेम काही ग्रॅम असतो, यंत्र कुजबुजतं फक्त. पूर किंवा दरडीनंतर अनोळखी लोखंडी वस्तू दिसली तर हात लावू नका, पोलिसांना फोन करा.

आता आपल्याकडचा कायदा. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे, त्यानुसार जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, लपवलं तर वर्षभराची कैद होऊ शकते. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू तर पुरावस्तूच्या कायद्यात येते. मला हा कायदा म्हणजे नुसता धाक वाटत नाही, वॅगनरची गोष्ट त्यासाठीच एवढी सांगितली, कारण खिशात घातलेलं एकटं नाणं मुकं असतं, कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, बाकीच्या नाण्यांवर कुठली सालं हे कळलं तरच ते बोलतं.

कोकणात कुणाच्या गावाजवळ वादळाने किनारा कापला आणि भिंतीत खापरं, जुन्या विटा, जहाजाचं लाकूड असं काही दिसलं तर उपसू नका. शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल, एक फोटो लांबून काढा ज्यात झाड किंवा घर येईल, मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा, भरतीच्या रेषेपासून अंदाजे किती पावलं ते लिहा आणि त्याच दिवशी तहसील कार्यालयात कळवा, पुढच्या मोठ्या भरतीला ती भिंत तिथे असेलच असं नाही.