सीमाभागातील भाषिक हक्क : पंधरा आणि साठ टक्क्यांची पार्श्वभूमी

तहसील कचेरीतून मराठी अर्ज परत आला की कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात पहिला उल्लेख होतो तो पंधरा टक्क्यांचा, म्हणजे अल्पसंख्याक भाषा बोलणारे तेवढे असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात या नियमाचा. निवेदनांत तोच आकडा, मोर्चात तोच आकडा. खरे तर नुसता अर्ज देण्यासाठी टक्केवारी लागतच नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कोणाही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येते. गावात मराठी बोलणारे एकच घर असले तरी हा हक्क त्या घराचा आहे. अर्ज घ्यायला नकार मिळाला, तर त्या नकाराचे कारण लेखी मागावे आणि त्यात ३५० व्या कलमाचा उल्लेख करावा. उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे याबद्दल मात्र हे कलम काही सांगत नाही. पंधरा टक्क्यांची गोष्ट तिथून सुरू होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. त्याआधी त्याच वर्षी जानेवारीत बेळगाव-निपाणीत गोळीबारात आंदोलक मारले गेले, म्हणून १७ जानेवारी हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो, हे इथे पुन्हा सविस्तर सांगायला नको. सातव्या घटनादुरुस्तीची दोन कलमे त्याच १ नोव्हेंबरला अमलात आली, हे मात्र फारसे बोलले जात नाही. ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर आली. ३५०-ब प्रमाणे या हक्कांवर देखरेख ठेवणारा विशेष अधिकारी नेमायचे ठरले. त्याच्या यंत्रणेचे एक विभागीय कार्यालय बेळगावातही होते. पण अहवाल द्यायचा, तो राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जायचा, एवढीच त्या अधिकाऱ्याची पोहोच. राज्याला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही.

टक्केवारी आली ती घटनेबाहेरून. राज्यांची फेरआखणी सुचवणाऱ्या आयोगाच्या शिफारशींवर केंद्राने १९५६ मध्ये एक ज्ञापन काढले आणि १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत त्यातल्या बऱ्याच गोष्टी पक्क्या झाल्या. जिल्हा, तालुका किंवा नगरपालिका यांपैकी कुठेही अल्पसंख्याक भाषा बोलणारे पंधरा टक्के किंवा अधिक असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत. एखाद्या जिल्ह्यात हे प्रमाण साठ टक्क्यांवर असेल, तर ती भाषा तिथे जादा राजभाषा मानावी. शाळेत अशी चाळीस मुले किंवा एका वर्गात दहा मुले असतील, तर प्राथमिक शाळेत त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. हा शेवटचा नियम त्याहून जुना, १९४९ चा आहे.

वादाचे मूळ साठ टक्क्यांच्या नियमात आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अन्यायकारक निर्णय तोच. पंधरा टक्क्यांसाठी तालुका चालतो, नगरपालिका चालते. साठ टक्क्यांसाठी मात्र जिल्हाच का? खानापूर तालुक्यात मराठी बहुसंख्य आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेची गावेच्या गावे मराठी आहेत. पण हिशेब जिल्ह्याचा धरला की अथणी, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग सगळे एकत्र येतात आणि २०११ च्या जनगणनेत मराठीचा वाटा अठरा-एकोणीस टक्क्यांवर उतरतो. खानापूर त्या बेरजेत दिसेनासे होते.

सीमा आखताना मात्र तालुका हे एकक चालले होते. १९५६ च्या पुनर्रचना कायद्यात बेळगाव जिल्हा म्हैसूरला देताना त्यातला चंदगड तालुका वेगळा काढून मुंबई राज्यातच ठेवला, आणि तो आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. सीमाप्रश्नावर १९६६ मध्ये नेमलेल्या एकसदस्य महाजन आयोगाने तर गाव हे एकक धरून पाहिले आणि १९६७ च्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि शिफारस कागदावरच राहिली. म्हणजे भूभाग वाटताना तालुका आणि गाव पाहायचे, आणि तिथे राहणाऱ्यांना त्यांच्या भाषेत कारभार द्यायची वेळ आली की जिल्हा पाहायचा. या विसंगतीचे समर्थन आजवर कुठल्याही सरकारी कागदात माझ्या वाचनात आलेले नाही.

दुसरी अडचण अशी की हे ज्ञापन म्हणजे कायदा नव्हे. न्यायालयात ३५० किंवा ३५०-अ वर बोट ठेवता येते. सरकारांच्या आपसांतल्या सहमतीवर तितक्या जोराने ठेवता येत नाही. जनगणनाही २०११ नंतर दशकभर पुढे सरकली नाही, त्यामुळे दोन्ही बाजू जुनेच आकडे फिरवत राहिल्या.

मधल्या काळात कर्नाटक राज्याचे कन्नडविषयक धोरण घट्ट होत गेले. कन्नडला राजभाषा करणारा १९६३ चा कायदा, १९८१ मध्ये कन्नड ही एकमेव प्रथम भाषा करण्याची शिफारस, मग १९८६ च्या जूनमधले कन्नडसक्तीविरोधी आंदोलन. बेळगावजवळच्या हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याच आंदोलनाचे. शाळेतली सक्ती कर्नाटक उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये घटनेशी विसंगत ठरवली. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि प्राथमिक शाळेचे माध्यम राज्य लादू शकणार नाही. हा निकाल मराठी पालकाच्या बाजूचा आहे. पण त्यानेच इंग्रजी माध्यमाची वाटही मोकळी केली आणि मराठी शाळांचा पट टिकवण्याचा भार पालकांच्याच निवडीवर आला. २०१५ च्या कायद्याने कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून सर्व शाळांत अनिवार्य झाली, त्यामुळे मराठी शाळेतही ती शिकावी लागते. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा ३० व्या कलमाचा हक्क मात्र शाबूत आहे, आणि भाषेवर चालणाऱ्या शाळेला अनुदान देताना सरकारला भेदभाव करता येत नाही.

माहितीच्या अधिकाराबाबत सावध राहावे. २००५ च्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा आहे. बेळगावात मराठीतला असा अर्ज परत आला तर ३५० वे कलम पुढे करून भांडण्यात महिने जातात. माहिती तातडीने हवी असेल तर हिंदीत लिहावे, लिपी तीच आहे. शेताचा उतारा कन्नडमध्ये निघतो. तो संगणकावर गेल्यापासून जुन्या हस्तलिखित मराठी नोंदी घरात जपून ठेवणे फार महत्त्वाचे झाले आहे.

१ नोव्हेंबरचा काळा दिन किंवा बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या वेळचा मराठी मेळावा आला की जमावबंदी लागते. १ जुलै २०२४ पासून ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ ऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघते. आदेश लेखी असतो, त्याची प्रत मागावी. अटक झाली तर कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे करणे हे घटनेच्या २२ व्या कलमाने बंधनकारक आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत कारणे त्या माणसाला समजेल अशा भाषेतच द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले. महाराष्ट्राविरुद्ध गेलेला तो निकाल आज कर्नाटकातल्या मराठी माणसाच्या कामाचा आहे. खटल्यात साक्ष कन्नडमध्ये झाली आणि आरोपीला ती समजत नसेल, तर त्याला समजणाऱ्या भाषेत ती खुल्या न्यायालयात सांगावी लागते. वकिलाने ही मागणी साक्ष चालू असतानाच करून ती नोंदवून घ्यावी.

सध्याचा ताजा विषय पाट्यांचा. कर्नाटकाच्या कन्नड भाषा विकास कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवे. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी लिहायला या दुरुस्तीने मनाई केलेली नाही. साठ टक्के भरलेला फलक केवळ मराठी अक्षरे आहेत म्हणून उतरवायला कोणी आले, तर कोणत्या आदेशाने, ते लेखी मागावे.