क्रेग फॅड्रिग

स्कॉटलंडमधील इन्व्हरनेस शहराच्या पश्चिम कडेला असलेली १७२ मीटर उंचीची जंगलमय टेकडी आणि तिच्या माथ्यावरील प्राचीन डोंगरी किल्ला. गेलिक भाषेत नावाचा अर्थ ‘पॅट्रिकचा खडक’ असा होतो. टेकडीच्या उत्तरेस ब्यूलीची खाडी पसरली असून नेस नदी जवळच समुद्राला मिळते. डोंगराळ प्रदेशातून येणारी खोऱ्याची वाट आणि पूर्वेकडचा समुद्रमार्ग, दोन्हींवर इथून नजर ठेवता येत असे. खाडीपलीकडच्या ऑर्ड हिल या टेकडीवरही याच प्रकारचा किल्ला आहे. खाडीच्या दोन्ही बाजूंना असे किल्ले असणे हा योगायोग मानणे कठीण आहे.

किल्ला म्हटल्यावर बुरूज आणि दरवाजे डोळ्यांसमोर येत असतील, तर इथे निराशा होईल. माथ्यावर सुमारे ७५ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद अशी लांबोळकी मोकळी जागा आहे. तिच्याभोवती गवताने झाकलेले दोन तट असून आतला अधिक भक्कम आहे. दरवाजा नेमका कुठे होता, हेही सहज ओळखू येत नाही. खरे पाहण्यासारखे आहे ते तटाच्या पोटात. काही ठिकाणी माती सरकली की दगड सुटे दिसत नाहीत. ते वितळून एकमेकांत मिसळलेले, बुडबुड्यांच्या छिद्रांनी भरलेले आणि कुठे कुठे काचेसारखी चकाकी आलेले असतात. भट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांचा खंगर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल.

अशा किल्ल्यांना काचीभूत किल्ले म्हणतात आणि स्कॉटलंडमध्ये ते अनेक आहेत. खनिजतज्ज्ञ जॉन विल्यम्स याने १७७७ मध्ये त्यांचे पहिले तपशीलवार वर्णन छापले. क्रेग फॅड्रिगही त्यात होता. त्यानंतर वितळलेल्या दगडांच्या कारणावर दीर्घ वाद झाला. हा ज्वालामुखीचा अवशेष आहे, असे सांगणारेही होते. तटाच्या आत लाकडी ओंडके आडवे-उभे घालून वर दगड रचत, हे कळल्यावर कोडे बरेचसे सुटले. ते लाकूड पेटले की तटाची आतून भट्टी होते आणि वाऱ्याची साथ मिळाली तर दगड वितळण्याइतकी उष्णता निर्माण होते. १९३७ मध्ये पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड व वॉलेस थॉर्नीक्रॉफ्ट यांनी लाकूड घालून एक भिंत रचली, पेटवली आणि दगड वितळवून दाखवले. मात्र आग कोणी व का लावली, हा प्रश्न प्रयोगाने सुटत नाही. तट मजबूत करण्यासाठी ती लावली असावी, हे जुने मत फारसे टिकणारे नाही, कारण इतक्या तापाने भिंत ढासळते आणि ठिसूळ होते. शिवाय एवढी आग टिकवायला पुष्कळ सरपण आणि बराच वेळ लागतो. त्यामुळे लढाईत चुकून लागलेल्या आगीपेक्षा जिंकल्यानंतर किल्ला सर्वांदेखत जाळून टाकला, हा तर्क अधिक पटतो.

ॲलन स्मॉल आणि बॅरी कॉटम यांनी १९७१-७२ मध्ये इथे उत्खनन केले. कार्बन-१४ पद्धतीने तटाचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आसपास ठरला. म्हणजे तट बांधला आणि जाळला गेला, तेव्हा उत्तर स्कॉटलंडमधल्या प्राचीन लोकांचे ‘पिक्ट’ हे नाव अजून कागदावर आलेले नव्हते. रोमन लेखनात ते प्रथम इ. स. २९७ मध्ये आढळते. त्यामुळे या किल्ल्याला सरसकट ‘पिक्टिश’ म्हणणे अर्धेच बरोबर आहे. पिक्ट लोक आले ते पडक्या तटात. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत तिथे पुन्हा वस्ती झाली. फ्रान्सच्या बाजूने समुद्रमार्गे आलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि टांगत्या धातूच्या वाडग्यावरील नक्षीदार चकतीचा साचा इथे सापडला. परदेशी भांडी वापरणारे आणि कारागीर पदरी बाळगणारे हे घराणे साधे नसणार.

इथूनच राजा ब्रिडेईची कथा जोडली जाते. आयोना बेटावरील मठाचा संस्थापक संत कोलुम्बा सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेस नदीजवळ या पिक्ट राजाच्या भेटीस गेला, असे त्याचा चरित्रकार ॲडम्नान लिहितो. राजाने गर्वाने दार बंद ठेवले. कोलुम्बाने दारावर क्रुसाची खूण केली, तशा कड्या आपोआप सरकल्या आणि राजा दरबाऱ्यांसह सामोरा आला. राजाचा पालक ब्रोइखान हा मांत्रिक होता. कोलुम्बाने सांगूनही एका दासीला मुक्त करण्यास त्याने नकार दिला आणि तो मरणासन्न झाला. तिला सोडल्यावर कोलुम्बाने आशीर्वाद दिलेला नेस नदीतला एक पांढरा खडा पाण्यावर तरंगवून ते पाणी त्याला पाजले आणि तो बरा झाला. हे लेखन कोलुम्बाच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, त्याच्याच मठात झाले आहे. त्यातले चमत्कार बाजूला ठेवले, तरी राजाचा किल्ला नदीजवळ होता एवढा धागा हाती राहतो.

तो किल्ला क्रेग फॅड्रिगच असावा, असे अनेकांनी मानले आहे. काळ जुळतो आणि उच्चकुलीन वस्तूही सापडल्या आहेत. पण नेसच्या काठाशी अधिक जवळ असलेली टोरव्हेन टेकडीही स्पर्धेत आहे. कॅलेडोनियन कालवा खणताना तिथे पिक्टिश काळातली जाडजूड चांदीची साखळी मिळाली होती. इन्व्हरनेसची कॅसल हिल आणि लॉख नेस या सरोवराच्या काठचा अर्कहार्ट किल्ला हेही दावेदार आहेत. एखादा शिलालेख सापडेपर्यंत हा दावा पर्यटनाच्या फलकापुरताच पक्का समजावा.

जानेवारी २०१५ च्या वादळात माथ्यावरची झाडे मुळांसकट उन्मळली आणि तट उघडा पडला. या नुकसानीमुळेच पुरातत्त्वज्ञांना तातडीने खणण्याची संधी मिळाली आणि आतला तट पिक्टिश काळात पुन्हा उभारल्याचा पुरावा हाती आला. किल्ला आता संरक्षित स्मारक असून टेकडी सरकारी वनखात्याच्या ताब्यात आहे. परवानगीशिवाय इथे खणणे किंवा धातुशोधक यंत्र वापरणे हा गुन्हा आहे. पायवाटेने वर जाता येते, पण दाट झाडीमुळे खाडी फटीफटींतूनच दिसते. अवशेषांना सर्वांत मोठा धोका मुळांचा आहे. म्हणून तटावर नवी झाडे वाढू न देणे हेच तिथल्या देखभालीचे मुख्य काम ठरते.