कलर कोडवरून जुन्या पिकअपचा रंग जुळतो?

कलर कोड (कारखान्याने रंगाला दिलेला क्रमांक) दिला की जुन्या पिकअपला हुबेहूब तोच रंग मिळतो, असा समज आहे. कोड खोटा नसतो, पण तो नव्या गाडीच्या रंगाचा. 1950च्या दशकातल्या अमेरिकी पिकअपवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नसे. त्यामुळे उन्हाने वरचा थर खडूसारखा भुरकट होतो. दाराच्या रबराखालचा रंग बॉनेटशेजारी ताडून बघा, फरक दिसेलच. पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन कोपरा हलका घासा. फडक्याला रंग लागला तर क्लिअर कोट नाही. जुनेपण राखायचं असेल तर जुळणी शेजारच्या विटलेल्या पत्र्याशी करावी. नमुना वेगळ्या तुकड्यावर मारा, पूर्ण वाळू द्या (ओला रंग हमखास फसवतो), मग उन्हात आणि सावलीत पाहा. कडांवर थर पातळ असतो, तिथे मशीन बफर (पॉलिशचं यंत्र) लावला की प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, उघडा पडतो.