गोळी किती आत? ठासणीच्या गजापासून व्हर्नियरपर्यंत

पाटण खोऱ्यात आमच्या चुलत आजोबांकडे पीक संरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. बंदुकीपेक्षा तिचा गज मला जास्त आठवतो. त्याच्यावर कानसीनं घेतलेल्या दोन खाचा होत्या. रिकाम्या नळीत गज सोडला की वरची खाच नळीच्या तोंडाशी यायची आणि बार भरून गोळी ठासली की खालची. खालची खाच दोन बोटं जरी वर राहिली, तरी आजोबा बंदूक उचलायचे नाहीत. पुन्हा गज घालून ठासायचे. "दारू आन् गोळीच्या मधी वारा ऱ्हाता कामा न्हाई," एवढंच सांगायचे. गोळी दारूवर टेकली नाही तर नळी फुगते, फुटतेही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पिस्तुलाच्या काडतुसात गोळी किती आत बसवायची, हा प्रश्न आता साताऱ्या-सांगलीतली नेमबाजी करणारी पोरं विचारतात. त्याची सुरुवात या खाचांपासून होते.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं, आणि साताऱ्यात तर गेंडामाळ. ८ सप्टेंबर १८५७ ला तिथं इंग्रजांनी १७ जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. त्या वर्षी ज्यावरून वणवा पेटला ते एन्फिल्डचं काडतूस कागदाचं होतं. दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजानं ठासायची. म्हणजे गोळी किती खोल जाणार, हे शिपायाच्या मनगटावर अवलंबून. त्याच १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं धातूच्या पुंगळीचं काडतूस घेणारं छोटं रिव्हॉल्व्हर विकायला काढलं. त्या काडतुसात गोळी कारखान्यातच बसवलेली. पुढं १८६९ मध्ये आपल्या शेजारी खडकीला दारूगोळा कारखाना उभा राहिला. गोळीची खोली शिपायाच्या हातातून यंत्राच्या हातात गेली.

तेव्हाही प्रश्न फारसा अवघड नव्हता, कारण काळी दारू जागा खाते. पुंगळी दारूनं भरायची, वर गोळी दाबून बसवायची, की मधे वारा उरतच नाही.

घोळ झाला तो बिनधुराच्या दारूनं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी ती बनवली. काळ्या दारूपेक्षा ती कितीतरी कमी लागते. पुंगळ्या मात्र जुन्याच मापाच्या राहिल्या. पॉइंट ३८ स्पेशल हे १८९८ चं रिव्हॉल्व्हरचं काडतूस काळ्या दारूच्या हिशेबानं आखलेलं, म्हणून त्याची पुंगळी २९.३ मिलिमीटर लांब आहे. आज त्यात दारू तळाशी पडून असते आणि वर मोकळी जागा. चार वर्षांनी, १९०२ मध्ये, जॉर्ज लुगर यांनी ९ मिलिमीटर पॅराबेलम आणलं ते नव्या दारूसाठीच. त्याची पुंगळी फक्त १९.१५ मिलिमीटरची. ते पिस्तुलाच्या मुठीत मावणाऱ्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या डबीत, बसलं पाहिजे, म्हणून अख्ख्या काडतुसाची कमाल लांबीही २९.६९ मिलिमीटर ठरलेली.

आता हिशेब करून बघा. १५ मिलिमीटरची गोळी घेतली आणि काडतूस २९ मिलिमीटर लांब ठेवलं, तर ५.१५ मिलिमीटर गोळी पुंगळीच्या आत असते. ती आणखी अर्धा मिलिमीटर दाबली, तर गोळीमागची जागा शंभरात सहा भागांनी घटते. दारू तेवढीच, जागा कमी. दाब वाढला की ही दारू आणखी वेगानं जळते, आणि वेगानं जळली की दाब आणखी चढतो. म्हणून तो सरळ हिशेबात वाढत नाही, उसळतो. आजोबांची भीती इथं बरोबर उलटी झाली. त्यांना गोळी बाहेर राहण्याचा धोका होता, पिस्तुलात ती जास्त आत जाण्याचा आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट आधी समजून घ्यायला हवी.

घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत वाढला. जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीची काडतुसं भरायची अडकित्त्यासारखी अवजारं १८८० च्या दशकातली. १९४३ मध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी आरसीबीएस सुरू केली. मापांचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्था, युरोपातली १९१४ ची आणि अमेरिकेतली १९२६ ची. पण त्या कमाल लांबी सांगतात. प्रत्येक गोळीचा आकार वेगळा, त्यामुळे नेमकी लांबी त्या गोळीसाठी तपासून छापलेल्या तक्त्यातूनच घ्यावी लागते. गोळी फार बाहेर ठेवली तर ती नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना टेकते किंवा मॅगझिनमध्ये अडकते.

गोळी जास्त आत नको, याला एक देखणा अपवाद आहे. सेंटर फायर या पिस्तुलाच्या नेमबाजी स्पर्धेत, ज्यात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाईत सुवर्ण जिंकलं, पॉइंट ३२ ची सपाट तोंडाची गोळी वापरतात. ती पुंगळीच्या काठाबरोबर अख्खी आत बसते. कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. तिच्यामागे दारूही तशीच मोजकी असते.

आपल्याकडं परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंद आहे आणि ९ मिलिमीटर तर सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. तरी हा विषय आपल्या दारात आहे. कऱ्हाडचे एक ओळखीचे अण्णा परवान्याचं पॉइंट ३२ पिस्तूल बाळगतात. रोज रात्री एक काडतूस नळीत चढवायचं, सकाळी काढून मॅगझिनमध्ये वर ठेवायचं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. दर वेळी नळीत शिरताना गोळीचं नाक तिथल्या उतारावर आपटतं आणि ती किंचित आत सरकते. त्यांच्या मुलाचं लेथचं वर्कशॉप आहे. तिथला व्हर्नियर आणून आम्ही मॅगझिनमधली काडतुसं एकेक मोजली. खालची सगळी सारखी भरली. सगळ्यात वरचं अर्धा मिलिमीटर आखूड निघालं. अण्णांनी ते दोनदा मोजायला लावलं आणि मग वेगळ्या डबीत टाकलं.