संयुक्त आकृतींची परिमिती

आयत, त्रिकोण, अर्धवर्तुळ यांसारख्या मूळ आकृत्या एकमेकींना जोडून किंवा एकीतून दुसरी कापून जी प्रतलीय आकृती तयार होते, तिला संयुक्त आकृती म्हणतात आणि तिच्या सीमेच्या एकूण लांबीला तिची परिमिती म्हणतात. जोडलेल्या घटकांच्या क्षेत्रफळांची सरळ बेरीज चालते, परिमितींची मात्र चालत नाही. कारण जोडाच्या जागची सामाईक बाजू आकृतीच्या आत जाते आणि सीमेचा भाग उरत नाही, म्हणून ती बेरजेतून दोनदा वजा करावी लागते. १.४ मी. रुंद व १ मी. उंच आयतावर अर्धवर्तुळाकार कमान असलेल्या खिडकीची परिमिती १ + १.४ + १ + २.२, म्हणजे सुमारे ५.६ मी. येते. कमानीचा व्यास तिच्यात धरला जात नाही. विद्यार्थ्यांची चूक बहुधा इथेच होते.

कापलेल्या आकृतीत अंदाज अधिक फसतो. ६ × ५ मी. आयताच्या कोपऱ्यातून २ मी. बाजूचा चौरस कापला, तर क्षेत्रफळ ३० वरून २६ चौ.मी. होते, पण परिमिती २२ मी.च राहते, कारण गेलेल्या दोन बाजूंइतक्याच दोन नव्या बाजू तयार होतात. हाच चौरस कोपरा सोडून बाजूच्या मध्यातून कापल्यास परिमिती उलट वाढून २६ मी. होते.

मैदानी खेळांची ४०० मीटरची प्रमाणित धावपट्टी हे या गणिताचे उत्तम उदाहरण होय. तिच्यात ८४.३९ मी.च्या दोन सरळ बाजू आणि ३६.५० मी. त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे असतात. मात्र आतल्या मार्गिकेची लांबी कडेपासून ०.३० मी. अंतरावरून मोजतात, त्यामुळे त्रिज्या ३६.८० मी. धरावी लागते. वळणांचे २३१.२२ आणि सरळ बाजूंचे १६८.७८ मी. मिळून ४०० मी. होतात. इथे π साठी २२/७ वापरल्यास सुमारे ९ सें.मी. जास्त येतात. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल, व्यवहारापुरते म्हटले आहे. पहिले घेतले तर ही तफावत जवळजवळ नाहीशी होते.

दुसऱ्या मार्गिकेचे मोजमाप तिच्या आतल्या रेषेपासून ०.२० मी.वरून होते. मार्गिका १.२२ मी. रुंद असल्याने तिथली त्रिज्या १.१२ मी.ने मोठी असते आणि पूर्ण फेरी २π × १.१२, म्हणजे ७.०४ मी.ने लांबते. म्हणून ४०० मी. शर्यतीत त्या मार्गिकेतील धावपटूची सुरुवातीची रेषा तेवढी पुढे आखतात, तर त्यापुढील प्रत्येक मार्गिकेसाठी आणखी ७.६७ मी.ची भर पडते. सरळ बाजूंची लांबी सर्व मार्गिकांना सारखीच असल्याने या फरकात तिचा काहीही वाटा नसतो.